प्रश्न चारचौघांत विचारा

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली. घरगुती वापरकर्त्यांना त्यापुढे वर्षभर ती मिळवण्याची सोय ठेवली, पण ती वेळ काढण्यापुरती. विंडोज 11 वर जायचे तर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय यंत्रात हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे 2017 च्या आधी घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपना तिथे प्रवेशच नाही. यंत्र धडधाकट आहे, कळफलक चालतो, पडदा स्वच्छ आहे, तरी ते बाद.

गोव्यात असे लॅपटॉप घरोघरी आहेत. मुलीच्या बारावीनंतर हप्त्यांवर घेतलेला एक, धाकट्याने वापरून टाकून दिलेला एक. शाळांच्या संगणक कक्षांत आहेत, वाचनालयांच्या कोपऱ्यांत आहेत. कपाटात ठेवून दिलेला लॅपटॉप आपल्या दमट हवेत टिकतही नाही. दोन पावसाळे गेले की बिजागरी गंजते, पडद्याला बुरशीचे डाग पडतात. अशा जुन्या लॅपटॉपमध्ये चार जीबी रॅम असेल आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, तर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम, म्हणजे तिची लिनक्स मिंटसारखी एखादी आवृत्ती, त्यावर सुखाने चालते. पैसे पडतात ते त्या एसएसडीचे. सिस्टीम फुकट आहे, आणि तिचा कोड कोणालाही वाचता, बदलता, वाटता येतो.

मग लोक ती घेत का नाहीत? लिनक्स अवघड आहे, हे उत्तर आता खरे राहिलेले नाही. पेनड्राइव्हवर सिस्टीम भरायची, यंत्र त्यावरून सुरू करायचे, मूळ डिस्कला हात न लावता सगळे चालवून पाहायचे आणि पसंत पडले तरच बसवायचे. नववीतला मुलगाही हे करतो. अडते ते नंतर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. प्रिंटर ओळखला जात नाही, वायफाय मिळत नाही, आणि आता विचारायचे कोणाला, हे कळत नाही. विंडोज अडली तर म्हापशात किंवा मडगावात दुकान आहे, शेजारी भाचा आहे, ऑफिसात सिस्टीमवाला आहे. लिनक्स अडली की माणूस एकटा पडतो आणि आठवड्याभरात परत फिरतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की गोव्यात लिनक्स रुजायची असेल तर मदत मागण्याची आपली पद्धत बदलावी लागेल. आपण खासगीत विचारतो. ते चारचौघांत, आपल्या भाषेत विचारायला हवे आणि मिळालेले उत्तर कोणालाही सापडेल असे ठेवायला हवे. यंत्रे आणि सरकारी योजना यांच्याआधी मी ही गोष्ट ठेवतो.

योजना गोव्याने कमी पाहिल्या नाहीत. 2000 च्या दशकाच्या आरंभी उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना संगणक देणारी सायबरएज योजना आली. त्याच सुमारास गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट या उपक्रमातून परदेशातले वापरलेले संगणक आणून, त्यांवर लिनक्स घालून ते इथल्या शाळांना देण्याचे काम स्वयंसेवकांनी केले. ही गोष्ट आज फार थोड्यांना आठवते आणि ती विसरली जाऊ नये असे मला वाटते. भारतात फारशा कोणाच्या कानावर लिनक्स हा शब्दही पडला नव्हता, तेव्हा गोव्यातल्या मुलांच्या हातात ती होती. पण कोणताही असा उपक्रम जाणकारांच्या मोकळ्या वेळेवर उभा असतो. जाणकाराला नोकरी लागते, तो बंगळुरूला किंवा आखातात जातो. त्याच्या डोक्यातले ज्ञान कुठे लिहून ठेवलेले नसेल तर ते त्याच्याबरोबरच विमानात बसते.

केरळात काय झाले ते पाहा. आयटी ॲट स्कूल हा तिथला प्रकल्प 2001 मध्ये सुरू झाला आणि पुढे सरकारी शाळांतले संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे राहिले. आज काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते. सरकारचा आदेश हे त्यामागचे एक कारण. तेवढ्याने भागले नसते. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले आणि ते मल्याळममध्ये शिकवले. संगणकातल्या मल्याळमसाठी राबणारी स्वयंसेवकांची स्वतंत्र फळी तिथे उभी राहिली. प्रश्न विचारायला आणि उत्तर द्यायला स्वतःच्या भाषेत जागा होती. आपण त्यातली यंत्रे पाहतो आणि ती जागा पाहत नाही.

लिनक्सचा जन्मच मुळी चारचौघांत झाला. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीतला 21 वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने मिनिक्स ही सिस्टीम वापरणाऱ्यांच्या सार्वजनिक चर्चागटात लिहिले की मी छंद म्हणून एक मोफत सिस्टीम करतो आहे, तुम्हाला मिनिक्समधले काय आवडते आणि काय आवडत नाही ते सांगा. सिस्टीम अजून धड उभीही राहिली नव्हती, तेव्हा हा प्रश्न आला. जगभरच्या अनोळखी माणसांनी उत्तरे दिली, चुका दाखवल्या, कोड पाठवला. आज जगातल्या बहुतेक सर्व्हरवर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. आपल्या हातातला फोन लिनक्सवर चालतो, आणि आपण म्हणतो लिनक्स आपल्याला जमणार नाही!

आता आपली रीत पाहू. लॅपटॉप अडला की व्हॉट्सॲपच्या गटात संदेश जातो: ‘कोणाला लिनक्स येते का? अर्जंट आहे.’ कोणीतरी म्हणतो, फोन कर. फोनवर अर्धा तास बोलणे होते, काम होते, आभार मानले जातात. मदत करणाऱ्याची सद्भावना खरी असते, तिला मी बोल लावत नाही. पण ते उत्तर त्या फोनबरोबर संपते. पुढच्या महिन्यात पेडण्यातल्या दुसऱ्या कोणाची तीच अडचण, तोच फोन, तोच अर्धा तास.

एक साधे उदाहरण घेतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवली की लिनक्समधून विंडोजमध्ये परतताना घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. यंत्राच्या आतले घड्याळ लिनक्स जागतिक प्रमाणवेळेवर लावते आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. भारतात फरक नेमका साडेपाच तासांचा पडतो. लिनक्समध्ये एकच आज्ञा दिली की हे मिटते. पण ज्याला कारण ठाऊक नाही तो बॅटरी बदलायला दुकानात जातो, आणि दुकानदार बॅटरी बदलून देतोही. मराठीत हे एकदा नीट लिहून उघड्यावर ठेवले तर किती जणांची फेरी वाचेल.

उघड्यावर विचारायचे म्हणजे नीट विचारायचे, आणि ते शिकावे लागते. इथे थोडे थांबतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. ‘मिंट टाकले, वायफाय येत नाही, प्लीज मदत करा’ या वाक्यावर कोणीही काहीही करू शकत नाही. कोणती आवृत्ती, कोणता लॅपटॉप, वायफायची चिप कोणत्या कंपनीची, आधी चालत होते का, हे सगळे उत्तर देणाऱ्याने उलट विचारायचे. चार फेऱ्या झाल्या की तो कंटाळतो. त्याऐवजी हे वाचा:

‘लिनक्स मिंट 22, सिनॅमन. लॅपटॉप 2014 चा, वायफायची चिप ब्रॉडकॉमची. विंडोजमध्ये वायफाय चालत होते. आता नेटवर्कच्या यादीत वायफाय दिसतच नाही. मोबाइल यूएसबी केबलने जोडून इंटरनेट घेतले, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने सुचवलेला ड्रायव्हर बसवला. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला. यंत्र पुन्हा सुरू करताना निळा पडदा आला, मी घाबरून कंटिन्यू दाबले. वायफाय अजूनही नाही.’

हे वाचताच जाणकाराला कळते की सिक्युअर बूट चालू आहे. ही सोय चालू असताना यंत्र अनोळखी ड्रायव्हर आत घेत नाही. तो पासवर्ड आणि तो निळा पडदा हीच परवानगी देण्याची जागा होती. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून ठरवलेला पासवर्ड द्यायचा होता. पडदा काही सेकंदच थांबतो आणि त्याच्या निळ्या रंगामुळे नवख्याला वाटते की यंत्र बिघडले. उत्तर दोन ओळींचे आहे. पण प्रश्नात निळ्या पडद्याचा उल्लेख नसता तर ते कदाचित कोणालाही सुचले नसते. ‘मी घाबरून कंटिन्यू दाबले’ हे प्रांजळ वाक्य त्या प्रश्नातले सर्वांत मोलाचे वाक्य आहे. आपण नेमके तेच लपवतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. पुष्कळदा माणूस अडचण विचारत नाही, स्वतःला सुचलेला उपाय विचारतो. ‘फाइलची परवानगी कशी बदलायची?’ असा प्रश्न येतो. कोणीतरी आज्ञा सांगतो. ती चालत नाही. मग आणखी कडक आज्ञा येते, सगळ्यांना सगळे खुले करणारी. तीही चालत नाही आणि भलतीकडे चालवली तर यंत्राची सुरक्षा जाते. शेवटी कळते की त्याला विंडोजच्या डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह करायची होती. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असल्याने ती डिस्क अर्धवट झोपलेल्या स्थितीत होती आणि लिनक्सने ती केवळ वाचण्यापुरती उघडली होती. परवानगीचा काही संबंधच नव्हता. विंडोजमध्ये जाऊन ती एक सोय बंद केली की काम झाले. काय करायचे आहे ते आधी सांगा, काय करून पाहिले ते नंतर. हे शाळेत कोणी शिकवत नाही. निबंध आणि पत्रलेखन शिकवतात, ते शिकवावेच, पण आपली अडचण परक्या माणसापुढे नेमकी मांडणे हेही लेखनच आहे आणि आयुष्यभर लागणारे आहे. पुढे डॉक्टरपुढे, बँकेत, पंचायतीत हेच लागते.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. इंटरनेटवरच्या मदतीच्या जागांत लोक उद्धट असतात, नवख्याला हिणवतात. हे खरे आहे. ‘आधी शोधून बघ’ असे तुटक उत्तर मिळालेला मुलगा पुन्हा तिकडे फिरकत नाही. खुद्द टॉरवाल्ड्सच्या भाषेचा दरारा अनेक वर्षे होता. 2018 मध्ये त्याने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ काम बाजूला ठेवले आणि त्याच सुमारास लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांसाठी आचारसंहिता आली. म्हणजे वरपासून बदल झाला, खालपर्यंत पोचायला वेळ लागतो. पण इंग्रजी जागा कडवट आहेत हे आपली जागा नसावी याचे कारण कसे होईल? उलट आपली जागा हवी, ती एवढ्यासाठीच.

मला जास्त काळजी वाटते ती आपल्याकडच्या लाजेची. चारचौघांत प्रश्न विचारणे म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणे, असे आपल्या अंगवळणी पडले आहे. वर्गात हात वर करणाऱ्यावर बाकीचे हसतात आणि शिक्षकही कधी कधी त्या हसण्यात सामील होतात. म्हणून मुलगा सगळे गेल्यावर सरांना एकट्यात गाठतो. त्याची शंका फिटते आणि तीच शंका असलेले बाकीचे वीसजण तसेच घरी जातात. व्हॉट्सॲपवर आपण याच सवयीने वागतो.

आता एक नवा युक्तिवाद आहे. माणसांना विचारायचेच कशाला, चॅटबॉटला विचारा, तो हिणवत नाही. नवख्याने जरूर विचारावे, त्याचा उपयोग होतो. स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर येणारे नवे प्रश्न गेल्या काही वर्षांत खूप घटले, त्याला हे मोठे कारण आहे. पण चॅटबॉट जे सांगतो ते आले कुठून? माणसांनी वर्षानुवर्षे उघड्यावर विचारलेल्या प्रश्नांतून आणि दिलेल्या उत्तरांतून त्याचा मोठा भाग आला. मराठीत तसा साठाच नाही, म्हणून मराठीत विचारले की तो इंग्रजीतले उत्तर मराठी कपडे घालून देतो, आणि मेन्यूंची नावे कधी कधी मनाचीच रचतो. शिवाय तो आत्मविश्वासाने चूक सांगतो तेव्हा ‘अरे, ती आज्ञा चालवू नकोस’ म्हणणारा तिसरा माणूस तिथे नसतो. चारचौघांत तो असतो. सुडोने सुरू होणारी आज्ञा यंत्रावर पूर्ण सत्ता घेऊन चालते. ती काय करते हे न वाचता कोणाच्याही सांगण्यावरून चालवू नये, माणसाच्याही नाही आणि यंत्राच्याही नाही.

अडचण चारचौघांत सांगायची असते, हे खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, गावांना वेगळे सांगायला नको. बांधाला खेकड्याने भोक पाडले तर ते ज्याच्या शेताजवळ आहे त्याने लपवून चालत नाही, ओरडून सांगावे लागते, कारण खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरणार असते.

सगळ्यांनी उद्या विंडोज सोडावी असे मी म्हणत नाही. ज्याचा धंदा टॅलीवर चालतो, जो डीटीपीवाला श्री-लिपीच्या जुन्या फाइलींवर पोट भरतो, ज्याला डिजिटल सहीचे टोकन लावून रोज सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचे असतात, त्याने घाई करू नये. अशांना लिनक्सकडे ओढले तर मनस्ताप त्यांना आणि बदनामी लिनक्सची. पण घरात ब्राउझर, पत्रे, मुलांचा अभ्यास, थोडे हिशेब एवढेच करणाऱ्यांची संख्या यांच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

जागा कुठे करायची? माझे उत्तर वाचनालय. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा 1832 पर्यंत मागे जाते, आणि तालुक्या-तालुक्यांत, गावोगावी लहान वाचनालये आहेत. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावी. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले, निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले कोणी हौशी, ज्याला जे येते ते त्याने घेऊन बसावे. मात्र एक नियम कडक हवा. तिथे सुटलेली प्रत्येक अडचण त्याच संध्याकाळी लिहून सार्वजनिक जागी टाकायची. यंत्र कोणते, आवृत्ती कोणती, काय दिसले, काय केले, कशाने सुटले. ‘झाले, धन्यवाद’ एवढेच लिहून निघून जाणे मला सर्वांत खटकते. तीन वर्षांनी तोच प्रश्न घेऊन तिथे पोचलेल्या माणसाला दार दिसते आणि कडी सापडत नाही. न सुटलेली अडचणही लिहावी, कारण कुठवर पोचलो हे पुढच्याला कळते.

भाषेचा प्रश्न लगेच येईल, गोव्यात तो येतोच. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात स्थान राहिले. त्या वादात दोन्ही बाजूंनी खूप शक्ती खर्ची पडली आहे. इथे तो आणू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोणी कोंकणीत विचारावे, कोणी मराठीत उत्तर द्यावे, रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहिणाऱ्यालाही तितकीच मोकळीक असावी. प्रिंटर चालू झाला की झाले. सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेतल्या मुलीला आणि सासष्टी तालुक्यातल्या मुलाला एकमेकांचे उत्तर कळते, आणि ते कळते हे रोजच्या बाजारात सिद्ध होत असते.

सुरुवात कशाने करावी, असे कोणी विचारले तर मी टायपिंगने म्हणेन. लिनक्स बसवल्यावर आपल्या माणसाची पहिली गरज तीच असते. मराठीचे इनस्क्रिप्ट आणि उच्चारावर चालणारा कगप हे दोन्ही आराखडे कळफलकांच्या यादीत आधीपासून असतात, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. पण यादीत ते भारत या नावाखाली शोधावे लागतात, आणि मग पहिल्याच पत्रात अडते ते ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना. ‘र’ला हलन्त लावून ‘य’ दाबला की रफार वर जाऊन बसतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्यापुढे हलन्त, मग य. मराठीला आणि कोंकणीला लागणारी ही गोष्ट इंग्रजीतल्या मदतीच्या जागांवर नवख्याला सहज सापडणार नाही, कारण तिथल्या कोणाला ती कधी अडलीच नाही. वाचनालयातल्या पहिल्या संध्याकाळी हीच लिहून काढावी, पडद्याच्या चित्रांसकट, आणि खाली विचारायला जागा मोकळी ठेवावी.